'मन मोकळं करा' म्हणजे नेमकं काय करा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरुषांच्या मानसिक आरोग्याविषयी काहीही छापून आलं की शेवटी सल्ला ठरलेला असतो : 'मन मोकळं करा.' सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. आपल्याला काय होतंय हेच ज्याला सांगता येत नाही, त्याने मोकळं करायचं तरी काय?

नैराश्य म्हटलं की रडवेला चेहरा डोळ्यांपुढे येतो. पुरुषांत ते पुष्कळदा दुसऱ्याच वेशात येतं. क्षुल्लक कारणावरून भडकणं, गाडी बेफाम हाकणं, कामात स्वतःला गाडून घेणं, दारू वाढणं, पाठदुखी, डोकेदुखी, पित्त. घरचे म्हणतात 'स्वभाव तापट झालाय' आणि तो पाठीच्या गोळ्या घेत राहतो. आवडीच्या गोष्टींतला रस उडालाय किंवा मन खिन्न आहे, आणि हे दोन आठवडे जवळपास रोज चाललंय, तर ते थकव्यावर ढकलू नये.

नैराश्य तपासायला डॉक्टर वापरतात ती 'पीएचक्यू-९' प्रश्नावली घरीही भरता येते. ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर तपासून घ्यावं. मात्र या यादीत राग आणि दारू यांवर एकही प्रश्न नाही, त्यामुळे कमी गुण आले म्हणून घरात रोज आरडाओरडा करणाऱ्याने निर्धास्त होऊ नये. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज न बघता डॉक्टर गाठावा.

सवयींत पहिला क्रमांक उठण्याच्या वेळेचा. झोपेची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवावी. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण ती उतरू लागली की उत्तररात्री झोप मोडते आणि पहाटे तीनला छताकडे बघत पडावं लागतं. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळची कॉफी रात्रीच्या खात्यात जमा होते. व्यायामात हमखास चूक होते ती सुरुवातीलाच : पहिल्या दिवशी तासभर, चौथ्या दिवशी बंद. दहा मिनिटं चालावं, वेळ ठरवून आणि इच्छा नसताना. इच्छा होण्याची वाट बघत बसलं तर ती येत नाही, आधी कृती होते आणि उत्साह मागाहून येतो. मित्र बरोबर असला तर उत्तमच. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते शेजारी चालताना बोललं जातं.

पहिली भेट नेहमीच्या डॉक्टरांची चालते. 'बरं वाटत नाही' एवढंच सांगितलं तर पित्ताची गोळी हातात पडण्याची शक्यता मोठी. त्यापेक्षा असं म्हणावं : 'दोन महिने झोप मोडतेय, कामात लक्ष लागत नाही, चिडचिड होते. हे मनाचं आहे का ते बघायचंय.' किती दिवसांपासून, झोप किती तास, दारू किती (खरा आकडा), चालू औषधं आणि वजनातला फरक हे कागदावर लिहून न्यावं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला हवं का तेही विचारावं, आणि घोरणं असेल तर सांगावं. झोपेत श्वास अडकत असेल तर तोही माणूस दिवसभर मरगळलेला आणि चिडका असतो.

औषधांबाबत सर्वांत मोठा घोटाळा पहिल्या महिन्यात होतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकते. त्यातच कामेच्छा कमी झाली की पुरुष काही न सांगता गोळ्या बंद करतो. एकदम बंद केल्याने चक्कर येते, बेचैनी वाढते आणि 'आजार परत आला' असा समज होतो. हा त्रास डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. मात्रा किंवा गोळी बदलता येते, फक्त सांगायला हवं. बरं वाटल्यावरही बहुधा सहा महिने तरी औषध चालू ठेवावं लागतं. समुपदेशकाशी तीन-चार भेटींत सूर जुळला नाही तर समुपदेशक बदलावा, उपचार सोडू नयेत.

जवळच्या माणसांसाठी एक. जगभरात आत्महत्येने मरणाऱ्यांत पुरुष स्त्रियांच्या जवळपास दुप्पट आहेत. शंका आली तर आडवळणाने न जाता सरळ विचारावं, 'जीव द्यावासा वाटतोय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नये, गोळ्या, विष, शस्त्र घरातून हलवावं आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. दुसऱ्या दिवशी तो हसतखेळत दिसला तरी तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

आपला,
एक समुपदेशक