ऑर्गनला पियानोची बोटं चालत नाहीत

संपादक महोदय,
रशियन संगीतकार मुसोर्गस्कीची १८७४ची ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ ही पियानोरचना इमर्सन, लेक अँड पामर या ब्रिटिश रॉक त्रिकुटाने १९७१मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला रॉकच्या अंगाने वाजवली. वडोदऱ्यातल्या तरुण वादकांनी ती जरूर बसवावी. फक्त त्यातल्या ऑर्गनसाठी कीबोर्डवर हॅमंड या इलेक्ट्रिक ऑर्गनचा आवाज निवडून पियानोसारखं वाजवलं की फसतं. हॅमंडची पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज वाढत नाही. म्हणून कीबोर्डची टच सेन्सिटिव्हिटी (दाबाच्या जोराप्रमाणे आवाज बदलण्याची सोय) बंद ठेवा, चढउतार व्हॉल्यूम पेडलने करा. पहिले तीन ड्रॉबार (ऑर्गनच्या आवाजाचा पोत ठरवणाऱ्या सरकत्या दांड्या) पूर्ण बाहेर, बाकी आत. पट्टी सोडल्यावरही सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलला तर पायही लावू नका. सुरांचा चिखल होतो. रचनेच्या सुरुवातीला ५ आणि ६ मात्रा आलटूनपालटून येतात. रुद्र तालाच्या ११ मात्रा हातावर मोजणाऱ्याला त्यात अवघड ते काय?

— काही कीबोर्डवादक, वडोदरा