तुझ्या आंगणातल्या फळझाडांबद्दल

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला पण उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मावणार नाई, म्हणून हे सविस्तर लिहून राहिलो. नव्या घराच्या दक्षिणेला अन् पश्चिमेला एवढी मोकळी जागा, दिवसभर ऊन, तिथे फळझाडं लावायची म्हणतोस, वाचून लय बरं वाटलं. फक्त संत्र्याच्या कलमांची ऑर्डर दिली नसशील तं थांब जरा.

गड्या, आमच्या वरुडची गोष्ट वेगळी. इकडे ज्या वावरात खाली मुरूम लागते तिथे पाणी निचरून जाते म्हणून संत्रा टिकते. तुझं दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, खोल चोपण माती म्हणजे पाणी लवकर न मुरणारी, पावसाळ्यात चिखल हटत नाई अन् बोअरचं पाणी खारं. संत्र्याला यातलं काहीच सोसत नाई, मुळाशी पाणी साचलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, येते, खारं पाणी दिलं की पानं कडेने करपतात. आंब्यालेही खारेपणा चालत नाई. चार वर्षं जीव लावून वाढवलेलं झाड डोळ्यांसमोर वाळावं, हे तुझ्या वाट्याला यायला नको.

माझं पहिलं मत बोरीला. उमराण जातीचं कलम घे. मुळं खोल जातात, पारा ४५ च्या वर गेला तरी तिला फरक पडत नाई, भर उन्हाळ्यात ती पानं गाळून गप बसते अन् छाटायचीही तेव्हाच, एप्रिल-मे मध्ये, कारण फळ नव्या फुटव्यावर लागते. दरवर्षी छाटली नाई तं फळ बारीक होत जाते. काटे असतात म्हणून दारापासून दूर, कुंपणाकडे लाव.

मग आवळा. एकटं झाड लावू नको, फळधारणा नीट होत नाई, चकैया अन् एनए-७ अशी दोन वेगळ्या जातीची जवळपास लाव. खारी जमीन सोसते अन् पश्चिमेला उंच वाढलं की दुपारच्या उन्हाची आडही होते. त्या आडोशाला सरदार पेरू बसव, पोरांना हाताने तोडून खाता येतो. सीताफळ पाहिजे असेल तं मातीचा उंचवटा करूनच, बुडाशी पाणी थांबलं की ते जाते, पण बकऱ्या त्याच्या पानाला तोंड लावत नाईत, आपल्या गावांत हे काही लहान नाई! वहिनीला लिंबू लागतेच, ते एकच झाड छपराच्या पावसाच्या पाण्याची टाकी करशील तिच्याजवळ ठेव, बोअरचं पाणी त्याला देऊच नको.

खड्डे मे महिन्यात खण, ३ फूट लांब-रुंद-खोल, अन् चांगले तापू दे. मातीत शेणखत मिसळ. चोपण माती सुधारायला जिप्सम किती ते माती-पाणी तपासूनच ठरव, अंदाजाने टाकू नको. लागवड चांगला पाऊस झाल्यावर, दोन झाडांत १५-२० फूट ठेव. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, हे माळ्याला उभं राहून सांग. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, आडोसा अन् बुडाशी सोयाबीनच्या कुटाराचा (भुशाचा) थर, खोडापासून जरा दूर.

कलमं अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या नर्सरीतून आणू, तू तारीख सांग, मी गाडी घेऊन येतो. तोवर एक खड्डा खणून त्यात पाणी भर अन् ते मुरायला किती वेळ लागते ते मले कळव.

तुझाच दोस्त