अकरावं पान कोणी वाचायचं? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी पहाटे मी परसदारच्या जांभ्याच्या पायरीवरून पडलो. घसरलो म्हणता येणार नाही, पायरी पायाला कळलीच नाही. माझ्या तळव्यांना हल्ली जमीन म्हणजे कापूस वाटते. उजवं मनगट मोडलं. म्हणून मी सांगतोय आणि नात लिहितेय. काही शब्द तिने गाळले आहेत.

मी देवगड तालुक्यातला. 31 वर्षं एसटी चालवली. आपल्या व्यापातून वेळ काढून आपण हे वाचावं, अशी नम्र विनंती.

दुखणं चार वर्षांपूर्वीचं. आधी पायाच्या बोटांना मुंग्या, मग घोट्यापर्यंत बधिरपणा. मला मधुमेह, त्यामुळे जो तो "साखरेमुळे" म्हणून मोकळा. हाडांच्या डॉक्टरांनी मणक्यात गॅप दाखवून कमरेला पट्टा दिला. गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठलं, तिथे नसांच्या डॉक्टरांनी प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्याची गोळी लिहिली. तिने डोकं गरगरायला लागलं, म्हणून कानाचे डॉक्टर. मधल्या काळात जीभ लालबुंद, गुळगुळीत झाली, सोलकढीसुद्धा झोंबायची. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली. ती दाढ चांगली होती, हे मी आजही म्हणतो. ओळखीच्या माणसांची नावं आठवेनात, तेव्हा एकाने "वय झालं आता" म्हणून झोपेची गोळी दिली. एकूण 9 डॉक्टर. खर्च मी दीड लाख धरतो. बायको सत्तर हजार म्हणते, कारण ती गाडीभाडं आणि खानावळ धरत नाही. प्रत्येक डॉक्टरने आपल्या वाटणीचा माणूस तपासला.

बायकोने शेवटी ग्रामदेवतेला कौल लावला. माझा त्यावर विश्वास नाही. पण गुरवाने खाणं, झोप, विहिरीचं पाणी, घरातली भांडणं, पडवी कधी बांधली, सगळं विचारलं. ही परत येऊन म्हणाली, "तो निदान सगळो माणूस इचारता, तुमचो डाक्टर नुसतो पाय बघता." यावर मला उत्तर सुचलं नाही. आपल्याला सुचलं तर कळवा.

मग आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, एक डॉक्टर आल्या. नातीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. धो धो पावसाचा दिवस, रांग नव्हती. म्हणाल्या, "आजोबा, घरातले सगळे कागद घेऊन या, गोळ्यांची पाकिटंसुद्धा." मी बाजाराची पिशवी भरून नेली. त्यांनी कागद टेबलावर तारखेप्रमाणे मांडले आणि कुठली गोळी कधी सुरू झाली ते एका कोऱ्या कागदावर उतरवलं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन नऊ वर्षं. पित्तासाठी पँटोप्राझोल सहा वर्षं. ती कोणीतरी पंधरा दिवसांसाठी दिली होती, थांबवा म्हणून कोणी सांगितलंच नाही. मग दोन वर्षांपूर्वीचा "फुल बॉडी चेकअप"चा अहवाल उघडला. मुलाने सवलतीत करून दिला होता, घरी येऊन रक्त नेलं होतं. अकराव्या पानावर ठळक अक्षरात: व्हिटॅमिन बी-12, 118. ते साधारण 200 च्या वर लागतं.

तो आकडा दोन वर्षं माझ्या कपाटात पडून होता, साहेब. संपूर्ण शरीराची तपासणी झाली होती. संपूर्ण कागद वाचणारा माणूस पॅकेजमध्ये नव्हता.

मी म्हटलं, दिवसाआड बांगडा खाणाऱ्याला बी-12 कमी पडेल कसं? त्यांनी समजावलं. अन्नातलं बी-12 सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, पित्ताची गोळी तेच कमी करते. पुढे ते लहान आतड्याच्या शेवटाला शोषलं जातं, तिथे मेटफॉर्मिन आडवं येतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून लवकर पत्ता लागत नाही. बी-12 कमी पडलं की नसा बिघडतात, आणि लक्षणं मधुमेहाने नसा बिघडतात तशीच. मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, मनाने बंद करू नका, हेही दोनदा बजावलं. नातीने नंतर मोबाइलवर शोधलं: मेटफॉर्मिन घेणाऱ्याला अशी लक्षणं दिसली तर बी-12 तपासा, असं ब्रिटनच्या औषध नियामकाने 2022 मध्येच डॉक्टरांना सांगितलंय. घाट उतरून यायला त्या सूचनेला वेळ लागत असेल.

इंजेक्शनं सुरू झाली. जीभ महिन्याभरात निवळली, मुंग्या हळूहळू खाली उतरल्या. आणि त्यांचा वर्षाचा बाँड संपला. निरोप समारंभात एका पुढाऱ्याने माइकवरून शब्द दिला: महिन्याभरात नवीन डॉक्टर. त्याला सात महिने झाले. खुर्ची रिकामी, इंजेक्शन "पुढच्या आठवड्यात", आणि मी पायरीखाली. परवा प्लास्टर घालणाऱ्यांनी हात छान बसवला. पडलात का, हे विचारलं. का पडलात, हे नाही.

आमच्या डेपोत गाडी डावीकडे ओढते असं लॉगशीटवर लिहिलं, तर मेकॅनिक टायर, हवा, स्प्रिंग, एक्सल सगळं बघायचा. नुसतं स्टिअरिंग बदलून गाडी परत दिली असती, तर आम्ही त्याला डेपोबाहेर काढलं असतं.

आता तुमच्या योजनांचं. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख. वा! पण दवाखान्यात भरती व्हावं लागतं. म्हणजे उद्या पाय सडला तर सरकार पैसे देईल; तो बधिर का झाला हे शोधायला कोणी वीस मिनिटं दिली, तर त्याचं बिल कुठल्याच खिडकीवर लागत नाही. देशाची आरोग्यव्यवस्था आखायला नेमलेल्या भोर समितीने 1946 मध्ये सांगितलं होतं की डॉक्टर समाज ओळखणारा हवा. 1978 मध्ये अल्मा-आटाची जागतिक आरोग्य परिषद झाली, "सन 2000 पर्यंत सर्वांसाठी आरोग्य" हे मी केंद्राच्या भिंतीवर वाचत गाडी चालवायचो. ती भिंत आता पडली. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2025 पर्यंत आरोग्यावर जीडीपीच्या 2.5 टक्के सरकारी खर्च लिहिला होता. 2025 येऊन गेलं. केंद्रांना मात्र "आरोग्य मंदिर" असं नवीन नाव मिळालं. मंदिर म्हटल्यावर आम्ही गाऱ्हाणं घालायचं, तुम्ही भिंतीआडून गप्प राहायचं, आणि मागच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मुंबई-गोवा रस्ता 2011 पासून असाच व्हय म्हाराजा चाललाय, त्याच खड्ड्यांतून मला रत्नागिरीला स्कॅनला नेलं होतं. नात म्हणते, आजोबा, विषय सोडू नका. सोडत नाही.

चाळिशीपुढच्या प्रत्येक मधुमेह्याची गोळ्यांची पिशवी वर्षातून एकदा कोणीतरी टेबलावर रिकामी करावी. त्यासाठी वीस मिनिटं आणि बसायला माणूस द्या. मशीन नको, उद्घाटनाची फीत नको.

आपला,
देवगड तालुक्यातील एक निवृत्त एसटी चालक

ता. क. : प्लास्टर काढायला पुढच्या महिन्यात बोलावलंय. ती कागदांची पिशवी मी बरोबर नेणार आहे. कोणी विचारलं नाही तरी टेबलावर ठेवणार.