फोटोत नसलेल्यांचे आभार

कॉलेजच्या रायफल संघातून स्पर्धा खेळलो, सत्कार झाले, फोटोही निघाले. पण ज्यांच्या जिवावर हे जमलं, त्यातलं कुणीच त्या फोटोंत नाही. म्हणून हे जाहीर आभार.

१० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. ७५ मिनिटांत ६० शॉट. एकदा लाइनवर जायच्या जरा आधी माझ्या बटप्लेटचा, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या पट्टीचा, स्क्रू ढिला झाला. खांद्याला ती तसूभर सरकली तरी नेम गेलाच म्हणून समजा! दुसऱ्या संघातल्या एका दादाने काही न बोलता ॲलन की (स्क्रू आवळायची षटकोनी चावी) हातावर ठेवली, वर स्वतः माझी रायफल धरून उभा राहिला. गुणतक्त्यात तो माझ्या वर होता, हेही सांगून टाकतो.

ज्या सीनियर ताईचं जाडजूड जॅकेट मी वर्षभर वापरलं, तिचे आभार. (घामाच्या वासाबद्दल तिने कधी ब्र काढला नाही, हे विशेष.) रेंज ऑफिसर काकांचेही. नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण, दिसल्याशिवाय ते कुणालाच जागेवरून हलू देत नसत. तेव्हा राग यायचा, आता मीही नव्या मुलांना तसाच अडवतो. आणि सगळे पांगल्यावर पेलेट ट्रॅपमधलं, म्हणजे छरे अडवणाऱ्या पेटीतलं, शिसं काढून रेंज झाडणाऱ्या मावशी, तुमचे तर मनापासून.

ॲलन कीवाल्या दादा, ती अजून माझ्याच किटमध्ये आहे. पुढच्या स्पर्धेत भेटलास तर हक्काने माग.