टपरीवाल्या मामांना जाहीर धन्यवाद

मामा, नमस्कार.

तुमचं नाव, गावाचं नाव, रस्त्याचं नाव यातलं काहीच इथं लिहीत नाहीये. अपघाताची केस चालू आहे तोवर कुणाचं नाव टाकू नका असं वकील मॅडमनी बजावलंय. पण तुमच्या नातवाला मी हे पाठवणारेय आणि तो टपरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवणारेय असं आमचं ठरलंय. तोंडावर धन्यवाद म्हणायला गेलं की तुम्ही "च्या घ्या आधी" म्हणून विषय मोडता, म्हणून मग असं सगळ्यांसमोरच लिहायलेय, आता मोडून दाखवा.

दुसरं कारण म्हणजे आपल्या सोलापूरच्या बाहेर कुठल्याही बाजूनं पडा, पुणे रोड म्हणू नका, विजापूर रोड म्हणू नका, अक्कलकोट रोड म्हणू नका, कुठंतरी खोदलेलं असतंच, आणि आमच्यासारखे लोक रोज रात्री त्यातनं येत-जात असतात.

झालं ते वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. लग्नाहून परत येत होतो. भाऊजी गाडी चालवत होते, आमचे हे शेजारी बसलेले, मी आणि सासूबाई मागं. वळणरस्त्याच्या तोंडाशी कंत्राटदाराचा पाण्याचा टँकर अंधारात उभा, ना मागचे दिवे, ना रिफ्लेक्टर, त्याच्या आधी बोर्ड नाही, ड्रम नाही, काही नाही. भाऊजींनी गाडी काढायला बघितली पण डाव्या बाजूनं टँकरच्या कोपऱ्यावर बसलीच. ह्यांचं उजवं मनगट आणि कोपर गेलं, बाकी आम्ही मुक्या मारावर सुटलो.

तुम्ही टपरी बंद करून निघाला होता. आवाज ऐकून पळत आला, ११२ लावला, आणि तेवढ्यात मागनं आलेला टमटम थांबवून ह्यांना आणि सासूबाईंना त्यात घातलं. आमच्या डोक्यात त्यावेळी दवाखान्याशिवाय दुसरं काय येणार? पण तुम्ही आम्हाला वाटेला लावलं आणि मग मोबाईल काढून सगळ्या जागेचे फोटो घेतले. टँकरचा नंबर, मागची बाजू, बंद दिवे. मग रस्त्यानं उलटं चालत जाऊन, आम्ही ज्या बाजूनं आलो त्या बाजूनं, अंधाराचा व्हिडिओ. त्यात तुमचा आवाज पण आहे, "हितं बोर्ड न्हाई, हितंबी न्हाई, आता आलो टँकरपाशी, तरीबी न्हाई." मॅडमनी तो व्हिडिओ बघितला आणि विचारलं, हा माणूस कोण आहे? म्हटलं, टपरीवाले मामा. त्या म्हणाल्या, नुसता टपरीवाला नाही हा.

खरंच होतं ते. तुम्ही बांधकाम खात्यात मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे कामगार, म्हणून रिटायर झालाय हे आम्हाला नंतर कळलं.

सकाळी पंचनाम्याला भाऊजी गेले तर तिथं सगळं सजलेलं! लाल-पांढरे ड्रम, "पुढे काम चालू आहे" चा बोर्ड, बाणाचा बोर्ड, टँकर गायब. हवालदार लिहायलेत, बोर्ड आहेत, ड्रम आहेत, चालकानं हयगयीनं वाहन चालवलं. भाऊजींना तर घाम फुटला. तेव्हा तुम्ही टपरीवरनं उठून आला आणि हवालदारांना म्हणाला, साहेब, त्या बोर्डाला जरा हात लावून बघा. सगळ्या रस्त्यावर बोटभर फुफाटा, झाडाची पानं पांढरी झालेली, आणि बोर्ड कोरा करकरीत, त्याच्या कोपऱ्याला कंपनीतनं आलेलं प्लास्टिक अजून चिकटलेलं. बोर्डाच्या पायाशी मुरूम ओला. तुम्ही पायानं उकरून दाखवला. आणि मग मोबाईलमधले रात्रीचे फोटो. हवालदारांनी पेन थांबवलं आणि पंचनाम्यात ते पण लिहिलं, हे त्यांचं पण चांगुलपण म्हणायला पाहिजे, नाहीतर कोण लिहितं.

तरी पहिला गुन्हा भाऊजींवरच दाखल झाला. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १२५, म्हणजे बेदरकार चालवणं आणि त्यातनं दुखापत. मॅडम म्हणाल्या घाबरू नका, गाडी चालवणाऱ्यावर गुन्हा लावणं सगळ्यात सोपं असतं म्हणून आधी तेच होतं. मग तुमचे फोटो जोडून वरच्या साहेबांकडे अर्ज केला, तुमचा जबाब झाला, आणि टँकरचा ड्रायव्हर आणि साईटचा सुपरवायझर पण आरोपी झाले, सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करायचं कलम २८५ पण लागलं.

मामा, तो जबाब द्यायची तुम्हाला काही गरज नव्हती. हे मला नंतर मॅडमनी सांगितलं तेव्हा तुमच्याबद्दल अजून वाटलं. मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आहे, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस नाव-गाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, साक्षीदार व्हायची पण नाही. तुम्ही फोन करून घरी गेला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. आणि तुमचं गिऱ्हाईक कोण? त्याच साईटवरचे ऑपरेटर, डंपरवाले, लेबर. जबाब झाल्यावर त्यांना सांगण्यात आलं म्हणे की मामाकडं च्या प्यायचा नाही. मामी म्हणाल्या, महिनाभर दूध वाया गेलं. तुम्ही हे आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही, मामींच्या तोंडनं निघून गेलं म्हणून कळलं.

मॅडमनी तुम्हाला राहवीर योजनेचा अर्ज भरू म्हटलं, जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार २५ हजार देतं. तुम्ही काय म्हणाला? "पैशे घेटले तर उद्या कोर्टात म्हणतील म्हातारा पैशे घिऊन बोलालाय." मॅडम हसल्या, म्हणाल्या, मामांना कोर्ट माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता जे मला या सगळ्यात समजलं ते पण लिहिते, कारण तुम्हीच म्हणाला होता की लोकांना सांग.

आम्हाला वाटलेलं आता खड्डा खणणाऱ्यावर केस करायची, बस. पण तसं नसतं. आमच्या गाडीचा संबंध टँकरशी आला, म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्या जिल्हा कोर्टातच, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा. टँकर उभा होता, चालू नव्हता, तर मग तो वाहनाचा वापर कसा, असं त्यांच्या विमा कंपनीच्या वकिलानं म्हटलंच. त्याला उत्तर सुप्रीम कोर्टाच्या १९९१ च्या निकालात आहे, तो पण महाराष्ट्रातलाच, पेट्रोलच्या टँकरचा, उभं वाहन पण वापरातच धरतात. म्हणून टँकरचा मालक, त्याची विमा कंपनी, कंत्राटदार, आणि आमच्या गाडीची विमा कंपनी असे सगळे सामनेवाले झाले. दावा लावायला अपघातापासून सहा महिने, त्या कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती २०२२ च्या एप्रिलला लागू झाली तेव्हापासनं ही मुदत परत आलीय. हाड जुळायची वाट बघत बसलं तर ते दिवस कधी जातात कळत नाही, आमच्या ओळखीत एकांचं असंच झालंय.

आता सगळे एकमेकांकडे बोट दाखवायलेत. कंत्राटदार म्हणतो टँकर सब-कंत्राटदाराचा, तो म्हणतो बोर्डाचं काम माझं नव्हे, सगळे मिळून म्हणतात भाऊजी जोरात होते. इथं मला एक गोष्ट समजली ती फार कामाची. आमचे हे चालवत नव्हते, नुसते बसले होते. त्यामुळं चूक भाऊजींची किती आणि टँकरवाल्याची किती हे काहीही निघालं तरी ह्यांच्या भरपाईतनं कापायचं कारण नाही, दोघांच्या चुकीनं तिसऱ्याला लागलं तर तो कुणाही एकाकडनं पूर्ण मागू शकतो, मग त्यांचं त्यांनी बघावं. भाऊजींनी स्वतःच्या दुखण्याचा दावा केला असता तर मात्र त्यांच्या वाट्याची चूक वजा झाली असती. आणि आमच्या गाडीची पॉलिसी फुल होती, नुसती थर्ड पार्टी असती तर खाजगी गाडीत बसलेल्या माणसाला त्या कंपनीकडनं काही मिळणं अवघड होतं. नुसती थर्ड पार्टी काढून फिरणाऱ्यांनी एकदा आपला कागद उघडून बघा.

टँकर नसता आणि गाडी नुसती खोदलेल्या खड्ड्यात गेली असती तर वाट वेगळी. मुंबई हायकोर्टानं ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिलाय की खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं मृत्यू झाला तर ६ लाख, जखमी झाला तर जखमेप्रमाणं ५० हजार ते अडीच लाख, आणि ते रस्ता ज्याच्या ताब्यात त्यानं द्यायचे.

मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ पण आहे, रस्ता करताना ठरवून दिलेले नियम पाळले नाहीत आणि त्यामुळं कुणी मेलं किंवा अपंग झालं तर कंत्राटदाराला, सल्लागाराला, खात्याला १ लाखापर्यंत दंड. तो दंड निधीत जातो, जखमीच्या हातात नाही, आणि आजच्या घडीला कोट्यवधीचं काम घेणाऱ्याला १ लाख म्हणजे काय, ते मी काय सांगू. पण त्या कलमात कोर्टानं काय काय बघायचं ते लिहिलंय, त्यात एक म्हणजे तिथं धोक्याची सूचना देणारे बोर्ड काय लावले होते. मामा, म्हणजे तुमचा तो व्हिडिओच की!

माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून मॅडमनी त्या साईटचा वाहतूक नियोजनाचा आराखडा मागवला. आला. कागदावर सगळं होतं. आधी सूचनेचा पट्टा, मग वाहनं बाजूला घ्यायचा पट्टा, मग काम, मग परत मूळ रस्त्यावर सोडायचा पट्टा, ड्रम, ब्लिंकर, झेंडावाला सुद्धा! इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५५ म्हणून पुस्तक आहे, त्यात असेच चार पट्टे सांगितलेत. तुम्हाला पुस्तकाचं नाव माहीत नव्हतं पण तुम्ही टपरीवर साखरेच्या डब्याचं झाकण आणि चहाचे ग्लास मांडून मॅडमना हेच्च सांगितलं होतं, हितनं गाडी येणार, हितं बोर्ड, हितं ड्रम तिरपे लावत न्यायचे, एकदम आडवे न्हाई. आणि तुमच्या काळी रात्री लाल काचेचे कंदील लावायचे, रॉकेल संपून एक जरी विझला तरी साहेब सगळ्या गँगला उभं करायचा. मॅडमनी ते ग्लास पण फोटो काढून ठेवलेत, कोर्टात नाही, स्वतःसाठी.

ह्यांचं कसं आहे ते तुम्ही दर फोनला विचारता म्हणून सांगते. प्लेट टाकलीय, मनगट पूर्ण मुडपत नाही. हे युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर, कापडाचे थरच्या थर मशीनखाली धरायचे तर मनगटावरच सगळा जोर. सिव्हिलच्या सर्टिफिकेटवर अपंगत्वाचे टक्के कमीच आलेत आणि विमा कंपनी तेवढ्यावरच अडून बसलीय. पण सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार केसमध्ये सांगितलंय की शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईचं नुकसान वेगळं, माणूस काय काम करत होता ते बघायचं. कारकुनाचं मनगट आणि कटिंग मास्टरचं मनगट एक नाही. ह्यांचं वय ४२, त्या वयाला १४ चा गुणक लागतो, वर्षाची कमाई गुणिले १४ आणि त्यातनं कमाई जेवढी कमी झाली तेवढा हिस्सा, असा हिशोब. म्हणून मालकाकडनं कामाचं पत्र, पगाराची नोंद, आणि एक सहकारी साक्षीला. वकिलाची फी आम्हाला नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातनं वकील मिळालाय, उत्पन्न ३ लाखाच्या आत आहे म्हणून. बाईमाणूस असेल तर उत्पन्न पण बघत नाहीत.

लोकअदालतीत कंपनीनं एक आकडा सांगितला होता. ह्यांचं मन झालं होतं घेऊन टाकावं, घरात बसून माणूस खचतो. पण तिथं एकदा सही केली की पुढं अपील नाही, आणि आकडा ऑपरेशन आणि फिजिओथेरपीचं बिल निघंल एवढाच होता. मग नको म्हटलं. दोन लोकं म्हणाली मिळतंय ते घ्या. तुम्ही फोनवर एवढंच म्हणाला, "मी हाय की साक्षीला, घाई काय हाय?"

तर मामा, आता कामाचं. साक्षीचं समन्स तुमच्या घरी येईल, ते घ्या, परत पाठवू नका. आधार कार्ड आणा. आणि मोबाईल तोच आणायचा, काच तडकलेला, नातू नवीन घेऊन देतो म्हणतोय पण जुना विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही, फोटो ज्या फोनवर काढले तोच कोर्टात दाखवायचा असतो आणि त्याचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ चं सर्टिफिकेट तुमच्या सहीनं लागणारेय. भाऊजी सकाळी घ्यायला येतील. टपरी त्या दिवशी मामी बघणारेत असं त्यांनीच मला सांगितलंय, आणि कोर्टानंतर जेवण आमच्याकडं, सासूबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून पण ठेवायचं ठरवलंय, तेव्हा "गिऱ्हाईक हाय" म्हणून पळून जायचं नाही.

तुमची,
जुळे सोलापूरवाली ताई