बीबीसी मायक्रोच्या हार्ड डिस्कसाठी आभार

१९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पात भारतातल्या शाळांना जे संगणक मिळाले, त्याच जातीचा माझा बीबीसी मायक्रो. त्याला आता जोडणीचं किट वापरून बाहेरून हार्ड डिस्क जोडली आहे. कौतुक माझं होतंय, पण कामं इतरांनी केली.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदारकाकांनी ३४ पिनांचा कनेक्टर जुन्या खोक्यातून शोधून दिला, वर पैसेही घेईनात. एडीएफएस, म्हणजे डिस्कवरच्या फायली सांभाळणारी प्रणाली, नसेल तर हा संगणक हार्ड डिस्क ओळखत नाही. ती ज्यात असते ती १६ केबीची रॉम एका ताईंनी जुन्या ईप्रॉमवर, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपवर, लिहून पाठवली.

सगळ्यात मोठं ऋण मात्र निवृत्त इंजिनिअर आजोबांचं. प्रोसेसर चालतो २ मेगाहर्ट्झवर, बाहेरची उपकरणं जोडायची बस, म्हणजे सिग्नल वाहणाऱ्या तारांचा संच, १ वर. हा वेग जुळवताना कोणत्या उपकरणाशी बोलायचं ते सांगणाऱ्या निवड-सिग्नलमध्ये क्षणभराचे खोटे ठोके उठतात आणि डिस्कवर भलतंच लिहिलं जाऊ शकतं. किटमधल्या दोन चिप त्यासाठीच आहेत, हे त्यांनी वहीच्या पानावर आकृती काढून समजावलं. किटसोबतच्या कागदात याबद्दल अवाक्षर नाही!

नावं छापायची नाहीत, अशी तिघांचीही अट. आकृतीची प्रत हवी असेल त्यांनी जरूर मागावी. आजोबांची परवानगी आहे.