बर्मा टीकच्या शिक्क्याबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

म्यानमारच्या लाकूड निर्यातीवरचा आपल्या अंकातला लेख दोनदा वाचला. २०१४ मध्ये तिथल्या सरकारने निर्यात बंद केली आणि तेव्हापासून सागाचे जंगल सावरू लागले, असा त्याचा एकूण सूर आहे. लेखकाने मेहनत घेतली आहे, पण मूळ मुद्द्यातच गफलत झाली आहे. १ एप्रिल २०१४ पासून बंद झाली ती गोल लाकडाची, म्हणजे बिनचिरलेल्या ओंडक्यांची निर्यात. चिराण माल, फळ्या, व्हिनियर, फर्निचर यांची निर्यात त्या दिवशी थांबली नाही आणि नंतरही थांबली नाही. मी या धंद्यात मोजणीदार म्हणून बावीस वर्षे काढली. त्यातला बराच काळ यांगूनच्या नदीकाठच्या लाकूड डेपोंमध्ये गेला. म्हणून हे पत्र.

वाचकांना आधी एक ओंडका दाखवतो. डेपोत ओंडके रांगेने आडवे ठेवलेले असत आणि प्रत्येकाच्या कापलेल्या तोंडावर लोखंडी हातोड्याने ठोकलेल्या खुणा असत. एक वनखात्याची, महसुलासाठी तपासणी झाल्याची. एक सरकारी लाकूड महामंडळाची, म्हणजे मायन्मा टिंबर एंटरप्राइझची. शिवाय ओंडक्याचा नंबर. कोणत्या भागातून, कोणत्या हंगामात तो आला हे या खुणा आणि सोबतची यादी ताडून कळायचे. आम्ही टेपने मधोमध घेर घ्यायचो, लांबी घ्यायचो आणि हॉपस या जुन्या इंग्रजी लाकूडमापाच्या हिशोबाने घनफूट काढायचो. ५० हॉपस घनफुटांचा एक टन. हा टन मापाचा, वजनाचा नव्हे, हे नव्या माणसाला पटवायलाच आठवडा जाई. पावसाळ्यात खडू आणि रंग धुऊन जात. तेव्हा तिथला एक म्हातारा ग्रेडर ओंडक्याच्या तोंडावरून हात फिरवत बोटांनी नंबर वाचायचा. तो आकडे सांगायचा आणि मी वहीत उतरवून घ्यायचो. त्याचा आकडा चुकलेला मी पाहिला नाही.

आता हाच ओंडका मिलमध्ये गेला की काय होते ते पाहा. ट्रॉलीवर चढवण्याआधी दोन्ही तोंडे उडवतात. तोंडाशी उन्हाने चिरा पडलेल्या असतात, ओढताना खडे रुतलेले असतात, आणि खडा लागला की करवतीचे दात जातात. म्हणजे शिक्का असलेली चकती सगळ्यात आधी सरपणात जाते. मग बाजूची सालपटे निघतात, आणि उरतो तो स्वच्छ, चौकोनी, सुंदर माल. तो कुठल्या जंगलातला, कुणी तोडला, महसूल भरला की नाही, यातले काहीही त्याच्या अंगावर राहत नाही. राहतो तो कागद. एका यादीचा कागद दुसऱ्या मालाला लावणे किती सोपे असते, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

म्हणून माझे म्हणणे असे की गोल लाकडाच्या बंदीने चोरी थांबली नाही. चोरीचा माल ओळखण्याची जी एकुलती एक खूण डोळ्यांना दिसत होती ती मात्र देश सोडण्याआधीच पुसली जाऊ लागली. बंदीचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. चिराईचे काम आणि त्यातली कमाई देशात राहावी ही अपेक्षा रास्तच आहे. इंडोनेशियाने १९८० च्या दशकात ओंडके बंद करून प्लायवूडचा मोठा उद्योग उभा केला, गॅबनने २०१० मध्ये तेच पाऊल उचलले. पण गिरण्या वाढल्या की त्यांना रोज खाद्य लागते. हे खाद्य कुठून येते याची मोजदाद नसेल, तर जंगलाच्या दृष्टीने ओंडका गेला काय आणि फळी गेली काय, खुंट तेवढेच राहतात.

ओंडक्यांच्या मोजणीवरून म्यानमारने, म्हणजे तेव्हाच्या बर्माने, केवढी किंमत मोजली आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असेल. बर्माच्या थिबा राजाच्या दरबाराने १८८५ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या इंग्रज कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. आरोप असा होता की कंपनीने जंगलातून नेलेले सागाचे ओंडके कमी दाखवले आणि राजाचा महसूल बुडवला. इंग्रजांना निमित्तच हवे होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फौजा इरावती नदीतून वर गेल्या, पंधरवड्यात मंडाले पडले, १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा झाले आणि राजा रत्नागिरीला आला. तीस वर्षांनी, १९१६ मध्ये, तिथेच वारला. युद्धाची कारणे आणखीही होती, पण ठिणगी पडली ती ओंडक्यांच्या आकड्यावरून.

त्याच इंग्रजांच्या काळात जंगल टिकवण्याची एक चांगली पद्धतही तिथे रुजली, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. १८५६ मध्ये दक्षिण बर्मातल्या, आधीच इंग्रजांकडे गेलेल्या पेगूला आलेल्या डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतितज्ज्ञाने तिचा पाया घातला. जंगलाचे तीस भाग पाडायचे, दरवर्षी एकाच भागात जायचे, ठरलेल्या घेराच्या वरचीच झाडे काढायची. चांगल्या, ओलसर जंगलात ही मर्यादा साडेसात फुटांची. त्या भागाकडे पुन्हा वळायचे ते तीस वर्षांनी. निवडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि आतले कोवळे लाकूड कापून कडे पाडतात. झाड उभ्या उभ्या तीन वर्षे वाळते आणि मगच तोडतात. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो, आणि नदी हाच रस्ता असल्याने हे करावेच लागे. हत्ती ओंडके ओढून ओढ्यापर्यंत आणत, पाऊस आला की ते वाहत खाली येत, पुढे तराफे बांधून बंदरापर्यंत. घाई करायची सोयच नव्हती.

महामंडळाच्या हत्तींबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रत्येक हत्तीचे स्वतंत्र दप्तर असते. जन्म कधी, आई कोण, पकडलेला की छावणीत जन्मलेला, कधी आजारी पडला, सगळे त्यात लिहिलेले. उन्हाळ्यात त्याला कामातून सुटी, म्हातारपणी निवृत्ती. ज्या यंत्रणेला हजारो हत्तींच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या ठेवता आल्या, तिला झाडांच्या नोंदी ठेवता येत नव्हत्या, यावर माझा विश्वास बसत नाही. ठेवायच्या नव्हत्या. परकीय चलनासाठी वरून टनांचे लक्ष्य येई, ठरलेल्या वार्षिक मर्यादेपेक्षा जास्त तोड होई, आणि तीस वर्षांची पाळी न येताच ट्रक पुन्हा त्याच जंगलात शिरत. घेराची मर्यादा कागदावर तीच होती, पण माझ्या शेवटच्या काही वर्षांत डेपोत येणारे ओंडके बारीक होत गेले. टेप माझ्या हातात होती, म्हणून हे खात्रीने लिहितो.

उत्तरेला तर डेपोचाही प्रश्न नव्हता. कायद्याप्रमाणे लाकूड बाहेर जायचे ते समुद्रमार्गे, यांगून बंदरातून. कचिन प्रांतातून ते सरळ डोंगर ओलांडून चीनच्या युनानमध्ये जात असे. जानेवारी २०१५ मध्ये लष्कराने तिथे चिनी लाकूडतोड्यांना पकडले. त्यातल्या १५३ जणांना जुलैत जन्मठेप झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सार्वत्रिक माफीत ते सुटले. अन्न व कृषी संघटनेच्या २०१५ च्या वन आढाव्यात म्यानमारचे जंगल १९९० मधल्या ३.९२ कोटी हेक्टरवरून २.९० कोटी हेक्टरवर आलेले दिसते. २०१० ते २०१५ या काळात दरवर्षी ५ लाख ४६ हजार हेक्टर जंगल गेले. त्याहून वेगाने फक्त ब्राझील आणि इंडोनेशियाचे घटत होते. यातले सगळे निर्यातीच्या लाकडासाठी गेले असे नाही. शेती, रबर, तेलताड, धरणे, खाणी यांनीही घेतले. पण जंगलात पहिला रस्ता बहुधा लाकडासाठीच पडतो, बाकीचे त्या रस्त्याने मागून येतात.

लोकनियुक्त सरकारने २०१६ मध्ये वर्षभर देशभरची तोड थांबवली आणि बागो योमाच्या डोंगरात दहा वर्षांसाठी. ती खरी बंदी होती, कारण ती झाडावर होती. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली आणि महामंडळ त्याच्या ताब्यात गेले. अमेरिकेने त्या एप्रिलमध्ये आणि युरोपीय संघाने जूनमध्ये महामंडळावर निर्बंध घातले. तोड आणि विक्रीचा मक्ता एकट्या महामंडळाचा असल्याने तिथल्या सागाच्या पैशाचा एक प्रवाह थेट सेनापतींकडे जातो, हे त्यामागचे साधे कारण. तरीही नैसर्गिक जंगलातला साग महागड्या याटच्या डेकसाठी युरोपात पोचतच राहिला. या सागाला पर्याय सहज मिळत नाही, हे खरे. सावकाश वाढल्याने त्याच्या रेषा सरळ आणि दाट असतात, अंगच्या तेलाने तो पाण्याला दाद देत नाही. लागवडीच्या सागाची वाढीची कडी रुंद असतात. ज्याने दोन्हींवर रंधा मारला आहे त्याला डोळे मिटूनही फरक कळतो. मी स्वतः या लाकडावर प्रेम करतो, आणि म्हणूनच ते असे विकले जाताना पाहवत नाही.

आता आपल्याकडे येतो. बंदीपूर्वी म्यानमारच्या सागाच्या ओंडक्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक भारत होता. प्लायवूडच्या वरच्या थरासाठी लागणारे गर्जन जातीचे लाकूडही तिथूनच येई. बंदीनंतर सीमाशुल्काच्या यादीत ओंडक्यांच्या ४४०३ या शीर्षाखाली येणारा साग ४४०७ खाली, चिराण म्हणून येऊ लागला. भारताने निर्बंध घातलेले नाहीत, आणि आयात केलेले लाकूड मूळ देशात कायदेशीर रीतीने तोडले होते हे आयातदाराने सिद्ध करावे, असा कायदाही आपल्याकडे नाही. बंदरात पाहिले जाते ते शुल्क आणि कीड-रोगमुक्तीचे प्रमाणपत्र. झाड कुठले, हे कुणी विचारत नाही. मग इथे त्याचे दरवाजे, फर्निचर, डेकच्या पट्ट्या होतात, आणि बाहेर पाठवले तर त्यावर भारतीय माल म्हणून मोहर बसते. शिक्का पुसण्याचे उरलेले काम आपण करतो.

हे विचारणे अशक्य नाही. स्वीडनमधल्या न्यायालयाने २०१६ मध्ये एका आयातदाराला स्पष्ट सांगितले की म्यानमारहून मालासोबत आलेली हिरव्या फाइलमधली कागदपत्रे पुरेशी नाहीत, कारण झाड कुठे आणि कुणी तोडले हे त्यातून कळत नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नव्या नियमात तर झाड उभे होते त्या जमिनीचे अक्षांश-रेखांशच द्यावे लागणार आहेत. त्याची अंमलबजावणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जाते आहे, हे दुर्दैव.

आपल्या सरकारने निदान एवढे करावे: चिराण सागाच्या प्रत्येक खेपेबरोबर ज्या ओंडक्यांपासून ती निघाली त्यांचे नंबर, तोडीचे ठिकाण आणि मिलमधला उतारा यांची यादी सक्तीची करावी. ओंडक्यातून चिराण किती निघते याचे गणित ठरलेले असते. शंभर घनफूट लाकडातून नव्वद घनफूट सरळ फळ्या निघाल्याचे कुणी दाखवले, तर बाकीचा माल कुठून आला हे कस्टम्सच्या टेबलावर बसूनच विचारता येते. त्यासाठी जंगलात जावे लागत नाही. आणि महामंडळ लष्कराच्या हाती आहे तोवर त्याच्याकडून खरेदीच नको, असे माझे स्वच्छ मत आहे. यात माझ्या जुन्या धंद्यातल्या काहींचे नुकसान होईल. त्यातले काही मित्र आहेत, हे पत्र वाचून ते नाराज होतील.

आपल्या लेखात ‘निर्यात बंद’ असे जिथे म्हटले आहे तिथे ‘ओंडक्यांची निर्यात बंद’ अशी दुरुस्ती छापावी, ही विनंती. माझ्याकडे त्या काळातल्या मोजणीच्या वह्या अजून आहेत. ओंडक्याचा नंबर, घेर, लांबी, खुणा सगळे हाताने लिहिलेले. आपल्या प्रतिनिधीला त्या कशा वाचायच्या हे दाखवायला मी केव्हाही तयार आहे.

आपला,
एक निवृत्त मोजणीदार